इंग्रजीत ‘नॉनव्हेज’ लिहिताना: आमंत्रणाच्या उत्तरापासून मेनूपर्यंत

परदेशातल्या सहकाऱ्याने जेवायला बोलावलं, की निरोपाच्या शेवटी एक ओळ हमखास असते: ‘एनी डाएटरी रिक्वायरमेंट्स?’, म्हणजे खाण्याची काही पथ्यं आहेत का? परिषदेच्या किंवा कॉलेजच्या नोंदणी अर्जातही हा प्रश्न एका रिकाम्या चौकटीसकट येतो. आपली उत्तरं ठरलेली: ‘आय ॲम नॉनव्हेज.’ ‘प्युअर व्हेज ओन्ली.’ ‘आय टेक नॉनव्हेज बट नॉट ऑन ट्यूजडे.’ मुंबई-पुण्यात यातलं प्रत्येक वाक्य नीट कळतं. लंडन किंवा टोरांटोत वाचणारा गोंधळतो, आणि भिडेपोटी पुन्हा विचारत नाही. मग तुमच्या ताटात बीफ येतं, नाहीतर बाकीचे चिकनवर ताव मारत असताना तुमच्यापुढे उकडलेली ब्रोकोली येते.

हा लेख अशा लिहिण्यासाठी आहे: आमंत्रणाचं उत्तर, ईमेल, अर्ज, हॉटेलबद्दलचा अभिप्राय, रूममेटसाठीची जाहिरात. बोलताना हातवारे करून निभावतं, लिहिताना नाही.

पहिली पायरी: आपण कोण ते नको, काय खातो ते लिहा

‘नॉनव्हेज’ हा शब्द चुकीचा नाही. तो भारतीय इंग्रजीतला आहे आणि भारतातल्या भारतात बेलाशक वापरावा. आपल्याकडे शाकाहार हा मापदंड, म्हणून त्यात न बसणारं ते ‘नॉन’. ब्रिटन-अमेरिकेत उलट आहे. तिथे माणूस मांस खातो हे गृहीतच असतं, त्यामुळे खाणाऱ्याला वेगळं नाव लागत नाही. नाव लागतं ते न खाणाऱ्याला. म्हणून ‘आय ॲम नॉनव्हेज’ याऐवजी ‘आय ईट मीट’ एवढंच लिहायचं. आणि सगळं चालत असेल तर त्याहून छान उत्तर म्हणजे ‘नो डाएटरी रिक्वायरमेंट्स’ किंवा घरगुती निरोपात ‘आय ईट एव्हरीथिंग’.

जाता जाता, ‘नॉनव्हेज जोक’ हा प्रकारही आपलाच. बाहेरच्या माणसाला तो शब्द वाचून कोंबडीवरचा विनोद वाटेल.

शाकाहारी मंडळींचा घोळ याहून मोठा. ‘प्युअर व्हेज’मधलं ‘व्हेज’ ब्रिटनमध्ये भाजीला म्हणतात; ‘मीट अँड टू व्हेज’ म्हणजे मांसाचा तुकडा आणि सोबत दोन भाज्या, हे तिथलं जुनं घरगुती जेवण. मग ‘आय ॲम प्युअर व्हेज’ म्हणजे ‘मी शुद्ध भाजी आहे’ असं काहीतरी होतं. ‘आय ॲम अ स्ट्रिक्ट व्हेजिटेरियन’ हे बरोबर इंग्रजी झालं, पण तेवढ्यावर काम भागत नाही, कारण ‘व्हेजिटेरियन’ या शब्दात तिथे अंडं बसतं. आपल्याकडे अंडं मांसाहारात मोडतं, ते केवळ घरातल्या समजुतीने नव्हे, कायद्यानेही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत शाकाहारी पदार्थावर हिरवा ठिपका आणि मांसाहारीवर तपकिरी त्रिकोण सांगितला आहे, आणि अंडं घातलेल्या केकच्या खोक्यावर तो तपकिरी त्रिकोणच येतो. ब्रिटनच्या मेनूत मात्र तोच केक ‘व्ही’ अक्षर मिरवत असतो. तेव्हा अंडं चालत नसेल तर ते वेगळं लिहावंच लागतं:

‘आय ॲम अ व्हेजिटेरियन. आय डोन्ट ईट मीट, फिश ऑर एग्ज. डेअरी इज फाइन.’

शेवटचं ‘डेअरी इज फाइन’ फार महत्त्वाचं. ते नसेल तर यजमान सुरक्षित बाजू म्हणून तुम्हाला ‘व्हीगन’ धरतो आणि चहासोबत ओटचं दूध आणून ठेवतो. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये, दूध-अंडीही न खाणाऱ्यांसाठी मुद्दाम घडवला गेला. दही-तूप खाणाऱ्याने तो स्वतःला लावून घेऊ नये. आपला लाडका ‘एगिटेरियन’ही भारताबाहेर फारसा कुणाला माहीत नाही. ‘आय ईट एग्ज, बट नो मीट ऑर फिश’ म्हटलं की झालं.

दुसरी पायरी: प्राणी कोणता, ते नेमकं लिहा

शब्दकोश उघडून ‘मांस’ला ‘फ्लेश’ शोधणारे बरेच असतात. ‘आय डोन्ट ईट फ्लेश’ व्याकरणाने बरोबर, पण वाचणाऱ्याला नरभक्षक आठवतो. खायचं ते ‘मीट’. तसंच ‘काउ मीट’, ‘पिग मीट’ हे लहान मुलाचं इंग्रजी वाटतं; तिथे ‘बीफ’ आणि ‘पोर्क’. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते झाले, आणि बीफ, पोर्क, मटन, व्हील (वासराचं मांस) हे शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आले. गोठ्यातल्या जनावराचं नाव जुनं इंग्रजीच राहिलं. कोंबडी, मासा आणि बोकड यांना मात्र अशी वेगळी नावं रोजच्या वापरात रुजली नाहीत. त्यामुळे चिकन, फिश आणि गोट असंच लिहायचं.

आता मटण. महाराष्ट्रातला माणूस ‘मटण’ म्हणतो तेव्हा बहुधा बोकडाचं म्हणतो. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात ‘मटन’ म्हणजे मोठ्या मेंढीचं मांस. साधारण वर्षाच्या आतलं कोकरू असेल तर ‘लॅम्ब’. बोकडाला ‘गोट’. तिथल्या साध्या सुपरमार्केटात लॅम्ब सगळीकडे मिळतं, मटन क्वचित, आणि गोटसाठी हलाल दुकान किंवा कॅरिबियन वस्ती गाठावी लागते. जमैकन लोकांचं ‘करी गोट’ खाल्लंत तर घरची आठवण येईल. ब्रिटनमधल्या भारतीय रेस्टॉरंटांच्या मेनूतही बहुतेक ठिकाणी लॅम्ब असतं. म्हणून रेसिपी लिहिताना नुसतं ‘वन केजी मटन’ लिहू नका. ‘वन किलो ऑफ गोट मीट, ऑन द बोन’ लिहा आणि पुढे ‘यू कॅन यूज लॅम्ब इन्स्टेड’ जोडा. लॅम्ब लवकर शिजतं, तेव्हा शिट्ट्याही कमी सांगा.

पुणे परिसरातल्या काही वाचकांना इथे आणखी एक काळजी आहे. वाडे बोल्हाईच्या देवीला मानणारी घरं बोकडाचं खात नाहीत, मेंढीचं खातात; दुकानावर ‘बोल्हाईचं मटण’ अशी पाटीच असते. अशा घरातल्या माणसाने परदेशात ‘आय ईट मटन’ लिहिलं तर गंमत म्हणजे ते अक्षरशः खरं ठरतं. पण भारतीय यजमानाला लिहिताना तेच वाक्य घात करतं. दोघांनाही चालेल असं वाक्य: ‘आय ईट लॅम्ब अँड मटन फ्रॉम शीप, बट नॉट गोट.’

बीफचंही तसंच. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला आहे, म्हशीच्या मांसाला नाही. गोव्यात बीफ उघड मिळतं. आपल्या मेनूत म्हशीसाठी ‘बफ’ लिहितात, नेपाळी मोमोच्या गाडीवरही तेच. इंग्लंडमध्ये ‘बफ’ म्हणजे पिळदार शरीराचा माणूस, किंवा पिवळसर रंग. म्हशीचं मांस सांगायचं तर ‘वॉटर बफेलो’ लिहा, कारण अमेरिकेत नुसतं ‘बफेलो’ म्हटलं की तिथला रानटी प्राणी बायसन समजतात. आणि ‘बफेलो विंग्ज’ वाचून बिचकू नका. ते कोंबडीचे पंख आहेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या नावाचे.

मासा हा ‘मीट’मध्ये येतो का? बऱ्याच इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मते नाही. कॅथलिक मंडळी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी मीट वर्ज्य करतात आणि मासा खातात, तेव्हा ही विभागणी जुनी आहे. तुम्ही ‘आय डोन्ट ईट मीट’ एवढंच लिहून मोकळे झालात आणि पुढे सामन मासा आला, तर यजमानाला दोष देता येणार नाही. ‘मीट ऑर फिश’ असं जोडीनेच लिहायची सवय लावा.

‘चिकन’च्या आधी ‘अ’ लावायचा का, हाही नवशिक्यांचा नेहमीचा प्रश्न. ‘आय एट चिकन’ म्हणजे चिकन खाल्लं. ‘आय एट अ चिकन’ म्हणजे अख्खी कोंबडी संपवली. ‘आय लाइक चिकन्स’ म्हटलं तर तुम्हाला कोंबड्या आवडतात, अंगणात फिरणाऱ्या. मासे कितीही असले तरी ताटातले ‘फिश’च, ‘फिशेस’ हा शब्द वेगवेगळ्या जातींबद्दल बोलणाऱ्या मत्स्यशास्त्रज्ञाला सोडा. कोळंबी ब्रिटिश वाचकासाठी ‘प्रॉन्झ’, अमेरिकनासाठी ‘श्रिम्प’. सुरमईला गोव्यातल्या मेनूत ‘किंगफिश’ म्हणतात, पण ऑस्ट्रेलियात त्या नावाचा मासा वेगळाच. तिकडे ‘स्पॅनिश मॅकरल’ म्हणा. आणि बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ हे नाव आहेच; अनोळखी वाचकासाठी पुढे ‘अ फिश’ एवढं लिहा, नाहीतर तो बदक शोधत बसेल.

तिसरी पायरी: क्रियापद

खरी गडबड इथे होते, कारण मराठी वाक्य डोक्यात पूर्ण तयार असतं आणि आपण ते जसंच्या तसं उतरवतो.

‘आय टेक नॉनव्हेज’ मधलं ‘टेक’ आपण ‘घेणे’वरून आणलेलं. औषध ‘टेक’ करतात, जेवण ‘ईट’ किंवा ‘हॅव’.

‘मी मटण सोडलं’ याचं ‘आय लेफ्ट मटन’ करू नका. त्याचा अर्थ मटण ताटात उष्टं टाकलं. ‘आय हॅव गिव्हन अप मीट’ लिहा. ‘थांबवलं’ म्हणायचं तर ‘आय स्टॉप्ड ईटिंग मीट’. इथे ‘स्टॉप्ड टू ईट मीट’ लिहिलंत तर तुम्ही वाटेत गाडी थांबवून ढाब्यावर ताव मारलात.

‘मी चिकनच खातो’ हे सगळ्यात फसवं. ‘आय ईट ओन्ली चिकन’ म्हणजे पोळी, भात, भाजी काहीच नाही, सकाळ-संध्याकाळ फक्त कोंबडी. म्हणायचं असतं ते असं: ‘चिकन इज द ओन्ली मीट आय ईट.’ हे वाक्य पाठच करा; आपल्या निम्म्या लोकांना कधी ना कधी ते लागतं.

नकारात ‘अँड’ नको, ‘ऑर’ हवं. ‘आय डोन्ट ईट बीफ अँड पोर्क’ वाचून एखादा म्हणेल, दोन्ही एकत्र नको, वेगवेगळं चालेल! ‘आय डोन्ट ईट बीफ ऑर पोर्क.’ तसंच ‘मीही खात नाही’ याचं ‘आय ऑल्सो डोन्ट ईट’ न करता ‘आय डोन्ट ईट इट आयदर’.

‘आय अव्हॉइड मीट’ हे आपण नम्रपणे लिहितो आणि मनात अर्थ ‘अजिबात नाही’ असा असतो. इंग्रज वाचकाला त्यात ‘शक्यतो टाळतो, पण वेळ पडली तर खातो’ एवढंच दिसतं. खात नसाल तर ‘डोन्ट’ म्हणा. त्यात उद्धटपणा काही नाही.

काळाचंही बघा. रोजची सवय साध्या वर्तमानकाळात: ‘आय डोन्ट ईट मीट.’ पण श्रावण चालू असेल, तर तात्पुरतं चालू असलेलं सांगणारा काळ चपखल बसतो: ‘आय ॲम नॉट ईटिंग मीट दिस मंथ.’ या एका वाक्यातून यजमानाला कळतं की एरवी हा खातो, पुढच्या महिन्यात बोलावलं तर चिकन करायला हरकत नाही. वार पाळत असाल तर अनेकवचनात: ‘आय डोन्ट ईट मीट ऑन ट्यूजडेज.’ एकाच येत्या मंगळवारचं बोलणं असेल तर ‘ऑन’ गळतं: ‘आय कान्ट ईट मीट दिस ट्यूजडे.’ कारण द्यायचंच असेल तर ‘फॉर रिलिजस रीझन्स’ पुरे. गुरुवार कुणाचा आणि शनिवार कुणाचा, हे ईमेलात समजावत बसू नये.

इथे ‘फास्टिंग’ शब्दाला जरा जपून. ‘टुडे आय ॲम फास्टिंग’ म्हटलं की समोरचा समजतो तुम्ही काहीच खाणार नाही, आणि तुमच्यासाठी काही करतच नाही. तुमच्या मनात साबुदाण्याची खिचडी असते. मग ‘आय ॲम ऑन अ रिलिजस फास्ट, बट आय कॅन ईट फ्रूट, पोटॅटोज, पीनट्स अँड डेअरी’ असं यादीसकट लिहा.

चौथी पायरी: लपलेलं मांस विचारा

‘इज इट हॅविंग एग?’ नको. ‘डझ इट हॅव एग इन इट?’ किंवा ‘डझ इट कंटेन एग?’ हे बरोबर. आणि प्रश्न तुकड्यांचा नव्हे, स्टॉकचा, म्हणजे मांस-हाडं उकळून काढलेल्या पाण्याचा विचारा: ‘इज द सूप मेड विथ मीट स्टॉक?’ व्हेजिटेबल सूप म्हणून आलेल्या वाटीत भाज्याच असतात, पण त्या कोंबडीच्या पाण्यात शिजलेल्या असू शकतात. वूस्टर सॉसमध्ये पारंपरिक कृतीने अँचोव्ही हे मासे असतात, मार्शमेलोत बहुधा जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटिन, आणि अस्सल पार्मेजानो चीज वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेट या विरजणासारख्या द्रव्यावर जमवलेलं असतं. ब्रिटनमध्ये १४ ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारे पदार्थ, जाहीर करणं हॉटेलांना बंधनकारक आहे. त्यात अंडं, दूध, मासे येतात, मांस येत नाही. तेव्हा ॲलर्जीचा तक्ता वाचून निर्धास्त होऊ नका.

विमानाच्या तिकिटावर तर अर्थाचा अनर्थ व्हायला एक टिचकी पुरते. ‘हिंदू मील’ हा पर्याय बघून शाकाहारी घरातले लोक डोळे झाकून तोच निवडतात. त्याचा संकेत एचएनएमएल. त्यात बीफ नसतं, पण चिकन, लॅम्ब किंवा मासा असू शकतो. भारतीय पद्धतीचं शाकाहारी जेवण हवं तर एव्हीएमएल, म्हणजे ‘एशियन व्हेजिटेरियन’. जैन जेवणासाठी व्हीजेएमएल. व्हीजीएमएल म्हणजे व्हीगन.

पाचवी पायरी: चवीबद्दल लिहिताना

कोल्हापूर-मालवणच्या ताटाबद्दल इंग्रजीत लिहायला बसलात, की हॉटेलातले शब्द मदतीला धावतात आणि तिथेच फसवतात. आपल्याकडे ‘चिकन ड्राय’ हा पदार्थ आहे, सुकं चिकन. पण ‘द चिकन वॉज ड्राय’ हे इंग्रजीत आचाऱ्याला दिलेलं दूषण: कोरडं, घशाखाली न उतरणारं. तुम्ही पाच तारे देऊन वर हे वाक्य लिहिलंत तर वाचणारा चक्रावेल. ‘मटन सुक्का’ हे नाव तसंच ठेवा आणि पुढे समजावा: ‘गोट कुक्ड डाउन विथ रोस्टेड कोकोनट, विथ व्हेरी लिटल सॉस.’

‘ग्रेव्ही’चीही तीच गत. ब्रिटनमध्ये ग्रेव्ही म्हणजे भाजलेल्या मांसाच्या रसापासून केलेलं तपकिरी सॉस. ‘व्हेज ग्रेव्ही’, ‘पनीर ग्रेव्ही’ यांतून त्यांना काही बोध होत नाही, ‘सॉस’ म्हणा. तांबडा-पांढरा रस्सा मात्र ना सॉस ना ग्रेव्ही. तो वाटीने प्यायचा असतो, म्हणून ‘ब्रॉथ’ जवळचा: ‘तांबडा रस्सा, अ थिन, फायरी रेड गोट ब्रॉथ.’ नाव आपलं, वर्णन त्यांचं. नावाचंच भाषांतर करून ‘रेड ज्यूस’ वगैरे लिहिलेले मेनू पाहिले की रस्सा घशात अडकतो.

मऊ शिजलेल्या मटणाला ‘सॉफ्ट’ म्हणत नाहीत, ‘टेंडर’ म्हणतात. चिवट ते ‘टफ’. ‘लेग पीस’ला, खालचा गोल तुकडा असेल तर ‘ड्रमस्टिक’. पण ब्रिटनमधले भारतीय दुकानदार शेवग्याच्या शेंगांनाही ‘ड्रमस्टिक’च लिहितात, हे लक्षात असू द्या. खिमा ब्रिटनमध्ये ‘मिन्स’, अमेरिकेत ‘ग्राउंड मीट’. कलेजी ‘लिव्हर’, भेजा ‘ब्रेन’, पाया ‘ट्रॉटर्स’, आणि या सगळ्याला मिळून ‘ऑफल’. स्टेक मागवताना ‘वेल डन’ म्हणजे शाबासकी नव्हे, आतपर्यंत पूर्ण शिजलेला. रक्ताळ गुलाबी नको असेल तर हेच सांगायचं. ‘हाफ बॉइल्ड’ अंडं तिथे ‘सॉफ्ट-बॉइल्ड’, आणि ‘हाफ फ्राय’ला ‘सनी साइड अप’.

काही नावं निव्वळ चकवा आहेत. ‘स्वीटमीट’ म्हणजे मिठाई. ‘स्वीटब्रेड’ म्हणजे ब्रेड नव्हे, वासराच्या किंवा कोकराच्या ग्रंथी. गोड पाव समजून तो मागवणाऱ्या शाकाहाऱ्याची कल्पना करा. ‘हेड चीज’ हे डोक्याच्या मांसाची वडी. उलट ‘वेल्श रॅबिट’मध्ये ससा नसतो, टोस्टवर वितळलेलं चीज असतं. नाताळातल्या ‘मिन्स पाय’मध्ये आता सुकामेवा असतो, खिमा नाही, पण त्यात गुराची चरबी घालण्याची जुनी पद्धत आहे. तेव्हा विचारून घ्या.

आता पूर्ण उत्तर

कच्चा मसुदा असा येतो: ‘डिअर सर, थँक्स फॉर इन्व्हिटेशन. आय ॲम नॉनव्हेज बट बीफ अँड पोर्क आय ॲम नॉट टेकिंग. माय वाइफ इज प्युअर व्हेज.’

नीट केल्यावर: ‘थँक यू सो मच फॉर द इन्व्हिटेशन. आय ईट मोस्ट थिंग्ज, बट नॉट बीफ ऑर पोर्क. माय वाइफ इज अ व्हेजिटेरियन अँड डझन्ट ईट एग्ज आयदर. डेअरी इज फाइन. प्लीज डोन्ट गो टू एनी ट्रबल. कॅन वी ब्रिंग अ डिश?’

शेवटचा प्रश्न व्याकरणाचा नाही, शहाणपणाचा आहे. घरून छोले किंवा मटार उसळ नेली, की यजमानाची निम्मी चिंता मिटते आणि बायकोला उपाशी राहावं लागत नाही.

रूममेटसाठी जाहिरात लिहीत असाल तर ‘ओन्ली व्हेजिटेरियन’ किंवा ‘नॉनव्हेज नॉट अलाउड’ ही सोसायटीच्या फलकावरची भाषा टाळा. माणसावर बंदी घालण्यापेक्षा स्वयंपाकघराबद्दल लिहा: ‘वी कीप अ व्हेजिटेरियन किचन. यू आर वेलकम टू ईट मीट आउट, बट प्लीज डोन्ट कुक ऑर स्टोअर इट हिअर.’ अंड्यांना हरकत नसेल तर तेही त्याच ओळीत, कारण पहिला फोन त्याचसाठी येतो: ‘एग्ज आर फाइन.’